गेरू, डिंक आणि लुगड्याचे त्रिकोण: वारली ढंगाचं मिश्रमाध्यम चित्र

वारली चित्र मुळात कुडाच्या भिंतीवरचं: शेणामातीचं सारवण, त्यावर गेरू, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. हा पोत कागदावर आणून त्यात मी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे मिसळते.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), पूर्ण सुती. पाचेक मिनिटं पाण्यात भिजवून फळीवर गमटेपने (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) चारही बाजूंनी ताणायचा. न ताणलेला कागद गेरूचा हात दिला की वळतो आणि पुढचे रंग खळग्यांत साचतात.

बाजारच्या गेरूत वाळू असते, म्हणून तो वाटून मलमलमधून चाळून घ्यावा. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळायचा. बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचे दोन थेंब. दोन चमचे गेरूला साधारण एक चमचा डिंकपाणी, मग लागेल तसं साधं पाणी. दोन पातळ हात द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. वाळल्यावर बोट घासून बघा: बोट लाल झालं तर डिंक कमी पडला, चकाकी किंवा बारीक तडे दिसले तर जास्त झाला.

खरी अडचण पांढऱ्या रंगाची. तांदळाच्या पिठाची रेघ ओली असताना जेमतेम दिसते आणि वाळताना पांढरी होत जाते, म्हणून घाईने दुसरा हात फिरवू नये. शिवाय कागद वाकला की तिचे पोपडे सुटतात. छापायच्या कामाला मी पांढरा गवाश (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) वापरते. पण डिंक वाळल्यावरही पाण्यात परत विरघळतो, त्यामुळे गवाशमधल्या पाण्याने गेरू सुटून रेघ गुलाबी होते. त्यासाठी एक भाग मॅट अॅक्रिलिक मीडियम (रंग नसलेलं, चकाकी न येणारं अॅक्रिलिक द्रावण), तीन भाग पाणी असं मिश्रण दीड फुटावरून दोनदा हलकं फवारते आणि दिवसभर वाळू देते. ब्रशने लावलं तर गेरूच उचलला जातो. गेरू थेट अॅक्रिलिकमध्ये कालवला तर पक्का बसतो, पण मातीचा कोरडेपणा जातो. मला ते पटत नाही.

वारली आकृतीचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. मी तेवढेच कापडाचे करते. कापड आधी पातळ कागदावर मैद्याच्या खळीने चिकटवून, दाबाखाली वाळवून मगच कापायचं, नाहीतर कडेचे धागे सुटतात. पांढरा सिंथेटिक गोंद पातळ सुतातून वर येऊन डाग पाडतो. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. ते विषारी, भांडं वेगळं ठेवा. दोन्ही त्रिकोण सुटे कापावेत. एकसंध कापले तर कमरेच्या टोकाशी तुटतात. मध्ये केसभर जागा सोडून ती पांढऱ्या रेघेने जोडायची, हातपायही रेघेचेच.

विषय निवडताना मी लग्नचौक आणि त्यातली पालघट ही सुफलतेची देवी घेत नाही. तो चौक लग्नात सवाशिणी काढतात, डायरीच्या मुखपृष्ठावर त्याचं काम नाही. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, शेती, मासेमारी यांत भरपूर वाव आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी रोजचं जगणं कागदा-कापडावर किती मोकळेपणाने मांडलं, ते बघावं. आणि अशा कामाखाली ‘वारली चित्रकलेवरून प्रेरित’ असंच लिहावं. ‘वारली चित्र’ म्हणून विकू नये.

फ्लॅटबेड स्कॅनरवर कापडाचा उठाव सपाट होतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून फोटो काढावा आणि शेजारी कलरकार्ड (रंग जुळवायला ठरावीक रंगांचे चौकोन असलेला पत्ता) ठेवावं, कारण गेरू छपाईत चटकन नारिंगीकडे झुकतो.