आमची वाटचाल: नफा वहीत, पैसा उधारीत

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. फौंड्रीकडून कच्चं कास्टिंग घ्यायचं, मशीनिंग करून व्हॉल्व बनवणाऱ्या कंपन्यांना बॉड्या आणि बॉनेटं पुरवायची, हा धंदा. सुरुवात वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर केली. आता थोरला भाऊ मशीनं बघतो आणि मी बाहेरचं: कोटेशन, वसुली, बँक. दोघांची भागीदारी फर्म. शेड कधी वाढली, सीएनसी कधी आल्या ते सांगत बसत नाही, कोल्हापुरात निम्म्या शॉपांची ती गोष्ट सारखीच निघेल. आमच्या धंद्याची चाल बदलली ती एका एक्सेल फाइलीमुळं, म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

मशीनसाठी कर्ज काढायचं तर बँक सीएमए डेटा मागते. मागचे आकडे आणि पुढच्या वर्षांचे अंदाज, ठरलेल्या तक्त्यांत. हे काम बाहेरून करून घ्यायची पद्धत आहे. फी द्यायची, सही करायची, फाइल बँकेत. त्या तक्त्यांत विक्री दरवर्षी झोकात वाढते, उधारीचे दिवस आपोआप कमी होतात आणि डीएससीआर, म्हणजे कमाईतून हप्ते कितपत फिटतील याचं गुणोत्तर, बँकेला हवं तिथं बरोबर बसतं. एकदा बँकेतल्या साहेबांनी सहज विचारलं, "पुढच्या वर्षी तुमची उधारी साठ दिवसांवर कशी येणार?" त्याचं उत्तर तक्ता करणाऱ्याकडं होतं, आमच्याकडं नव्हतं. तेव्हापासून आमची फाइल मी स्वतः करतो, कोऱ्या शीटपासून.

कोऱ्या शीटचा माझा आग्रह आहे. तयार मॉडेलं नेटवर ढिगानं मिळतात. न्यूयॉर्क विद्यापीठातले अश्वथ दामोदरन तर कंपन्यांचं मूल्य काढायची आपली स्प्रेडशीटं सगळ्यांना मोफत देतात, आणि ती वाचण्यासारखी आहेत. मी सूत्रं वाचली, फाइल बंद केली आणि आपल्या धंद्याचं आपल्या अकलेनं मांडलं. तयार साच्यात आकडे भरले की उत्तर येतं, पण ते तेवढंच का आलं हे भरणाऱ्याला कळत नाही.

मांडणी साधी. एका शीटवर सगळी गृहीतकं: दर, रिजेक्शन, उधारीचे दिवस, व्याज. हातानं टाकलेला आकडा निळा, सूत्रातून आलेला काळा. पुढच्या शीटवर एप्रिल ते मार्च बारा कॉलम आणि त्यांत नफा-तोटा, ताळेबंद, रोख प्रवाह एकमेकांत गुंतवलेले. तळाशी ताळेबंदाच्या दोन बाजूंतल्या फरकाचा सेल. तिथं शून्यच हवं.

ते शून्य सहजासहजी येत नाही, कुणाच्याच फाइलीत. वडिलांच्या वेळचे दिवाणजी तेव्हा अधूनमधून दुकानात येऊन बसायचे. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही, पण फरकाचा आकडा बघून म्हणाले, "निम्मा करा आणि तेवढी रक्कम कुठं आहे बघा. जमेची नोंद नावे पडली असणार." आणि फरकाला नवानं भाग जात असेल, तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. खतावणीतली युक्ती, सेलमध्येही तशीच चालते. घसारा हा खर्च असला तरी त्यात रोख जात नाही. हप्त्यातलं मुद्दल ही रोख जाते पण खर्च नव्हे. जीएसटी आपल्या खिशातून जातो-येतो पण विक्रीत धरायचा नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. फरक शून्यावर आणताना ते अंगी लागलं.

सीसीच्या, म्हणजे बँकेकडून लागेल तसं उचलायच्या कॅश क्रेडिटच्या, व्याजाचा एक गुंता मात्र सगळ्यांनाच भेटतो. व्याजानं नफा बदलतो, नफ्यानं रोख, रोखीनं सीसीची बाकी आणि बाकीनं पुन्हा व्याज. एक्सेल लगेच सर्क्युलर रेफरन्स म्हणून ओरडतं. सेटिंग बदलून त्याला गप्प करता येतं, पण मी करत नाही. महिन्याच्या सुरुवातीच्या बाकीवर व्याज धरतो. थोडं चुकतं, पण फाइल विश्वासाची राहते.

या फाइलीची खरी परीक्षा 2018 साली झाली. एक नवी कंपनी महिना दहा लाखांचं काम द्यायला तयार होती, उधारी नव्वद दिवस. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. कास्टिंग सहा लाखांचं, पगार-वीज-टूलिंग अडीच लाख, उरले दीड लाख. दादा म्हणाला, "दहाला दीड सुटतोय, आणि काय पाहिजे?"

मी शीट उघडली. एप्रिलमध्ये काम सुरू केलं तर पगार-विजेचे अडीच लाख लगेच गेले. मे महिन्यात एप्रिलच्या कास्टिंगचे जीएसटीसह 7 लाख 8 हजार, पुन्हा अडीच लाख, आणि 20 तारखेला विक्रीच्या जीएसटीतून खरेदीचा वजा करून 72 हजार. हा कर आपण भरायचा, गिऱ्हाइकानं एक रुपया दिलेला नसताना. मे महिन्याचे मिळून 10 लाख 30 हजार. जूनमध्ये तेवढेच. जूनअखेर बँकेतून 23 लाख 10 हजार बाहेर, आणि नफा-तोट्याच्या कॉलममध्ये साडेचार लाख नफा! पहिलं बिल जुलैत येणार. तिथून महिन्याला दीड लाख हाती उरायला लागले, तर गेलेले पैसे भरून निघायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडतो. तेही व्याज न धरता.

बँकेचा हिशोब वेगळा असतो. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीनं सूत्र दिलंय, त्यानं अंदाजित वार्षिक उलाढालीच्या 20 टक्के बँकेनं द्यायचे, 5 टक्के आपण घालायचे. 1 कोटी 20 लाखांच्या कामाला 24 लाख. कागदावर बसतं. पण नव्वदचं बिल शंभराव्या दिवशी आलं की बहुतेक बँका ते ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेत, धरत नाहीत, आणि पगार, जीएसटी आणि फौंड्रीचा चेक एकाच आठवड्यात आले की खड्डा महिनाअखेरच्या आकड्यापेक्षा खोल असतो.

उधारीच्या सेलमध्ये नव्वदच्या जागी साठ टाकलं, तर 23 लाख 10 हजारांचे 12 लाख 80 हजार झाले. म्हणजे तीस दिवसांची किंमत 10 लाख 30 हजार. दहा टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज लाखभर, विक्रीच्या पाऊण टक्क्याहून थोडं जास्त. म्हणून आम्ही दर वाढवून मागितला नाही, उलट पाऊण टक्का सूट देऊन दिवस मागितले. खरेदीवाल्यांनी साठ दिवस मान्य केले. सूट त्यांना त्यांच्या साहेबांना दाखवता येते, दिवस कुणाला दिसत नाहीत!

खरं तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानं आमच्यासारख्यांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत भागवायला हवं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण पहिल्याच बैठकीत गिऱ्हाइकाला कायदा दाखवणारा पुरवठादार मी पाहिलेला नाही. पुढं 2023-24 पासून आयकरात बदल झाला: मुदतीत न दिलेलं असं बिल प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. त्या मार्चमध्ये काही ठिकाणांहून फोन न करता पैसे आले.

मार्च म्हटलं की मशीनवाले येतात. "मार्चअखेर मशीन घ्या, टॅक्स वाचेल." हेही शीटवर घातलं. तीस लाखांच्या मशीनवर 15 टक्के घसारा, नव्या यंत्राला उत्पादकांसाठी जादा 20 टक्के, वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून दोन्ही निम्मे. 5 लाख 25 हजार घसारा, 31.2 टक्क्यांनी कर 1 लाख 64 हजार कमी. पण पुढच्या वर्षी घसारा त्यामुळं कमी मिळतो आणि बराचसा कर तेव्हा भरावा लागतो. म्हणजे वर्षभर वापरायला मिळाले 1 लाख 64 हजार, त्याचं व्याज सोळा हजार. काम जूनमध्ये सुरू होणार असेल, तर तोवर रिकाम्या मशीनवर तीन महिन्यांचं व्याज पाऊण लाख.

मशीन परवडतं का हे पाहताना एक्सेलच्या एनपीव्ही सूत्राकडं, म्हणजे पुढं येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढणाऱ्या सूत्राकडं, लक्ष ठेवावं लागतं. ते पहिला आकडाही वर्षअखेरचा समजतं. आज दिलेली किंमत कंसाबाहेर वजा करायची. आणि कुठल्या दरानं मोजायचं? शेअर बाजारातल्या व्हॉल्व कंपन्यांचा बीटा, म्हणजे बाजाराबरोबर शेअर किती हलतो ते जोखमीचं माप, आमच्या शॉपला लावणं मला पटत नाही. त्यांना भांडवल शेअर विकून मिळतं, आम्हाला घर तारण ठेवून. मी दादाला विचारलं, "दुसऱ्याच्या शॉपमध्ये पैसे घालायचे तर किती टक्के घेशील?" तो म्हणाला, "अठराच्या खाली नाही." शीटमध्ये अठरा आहे.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि आमच्या 80 लाखांच्या कर्जावर वर्षाला दोन लाख वाढले. तेव्हा फाइलीत एकच सेल बदलला आणि दुसऱ्या मशीनची ऑर्डर थांबवली.

सध्या वाद आहे तो प्रायव्हेट लिमिटेड करायचं का याचा. 2019 च्या सवलतीत कंपनीला कर 22 टक्के, अधिभार-उपकर धरून 25.17. फर्मला 31.2. पण कंपनीतून लाभांश घरी न्यायचा तर त्यावर पुन्हा आमचा कर: शंभरातले साडेएक्कावन्न रुपये घरी येतात, फर्ममधून 68 रुपये 80 पैसे. शिवाय त्या सवलतीत जादा घसारा सोडावा लागतो. पगार काढला तर चित्र आणखी वेगळं. नफा मशीनातच घालायचा असेल तर कंपनी बरी, असं शीट सांगतं. दादाला त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाहेर काढायचेत. दोन्ही कॉलम तयार आहेत, सीए साहेबांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे.