काकांच्या जीपला डिझेल इंजिन बसवायचं की पेट्रोलच ठेवायचं?

रेडिएटरचं झाकण काढलं की बुडबुडे, डिपस्टिक ओढली की ताकासारखं पांढरट ऑइल. मिस्त्रींनी हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरपर्यंत गेलेली चीर दिसली. जीप काकांची, १९६६ ची महिंद्रा सीजे-३बी, २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. यात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. सगळी धग ब्लॉकच्या त्या अरुंद पट्टीवर येते, आणि पाणी संपून इंजिन तापलं की चीर तिथेच पडायची भीती.

मिस्त्री म्हणाले, "शिवून देतो, पण खात्री देणार नाही. डीआय टाकून मोकळे व्हा." डीआय म्हणजे महिंद्राचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन.

अकोले तालुक्यात हा सल्ला नवा नाही. डिझेल स्वस्त असताना कितीतरी पेट्रोल जीपांची इंजिनं बदलली गेली. माझ्यासमोर दोन पर्याय होते. महिंद्राच्याच एमएम ५४० जीपमधलं २.१ लिटरचं प्युजो डिझेल, किंवा जुन्या कमांडर जीपमधून निघालेलं अडीच लिटरचं डीआय. प्युजो हलकं आणि जास्त फिरणारं, पण त्याचे पार्ट शोधत बसावं लागतं. डीआय जड, पण पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतात. माझं मन डीआयकडेच झुकलं होतं.

मग शेजारच्या गावातल्या एका दादांची डीआय बसवलेली जीप एक दिवस चालवली. राजूरच्या पुढे एका दगडी चढाला लो गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी वर गेली. हे सुख पेट्रोलमध्ये नाही, ते मी मनापासून कबूल करतो. ओढ्यात उतरतानाही निश्चिंत, कारण भिजायला ना प्लग ना डिस्ट्रिब्युटर. पण भाताच्या खाचरात शिरलो तशी पुढची चाकं आधी रुतली. इंजिनाच्या वजनाने पुढचे पाटे बसलेले, स्टिअरिंग जड झालेलं. दादांनी बॉनेट उघडून इंजिनाच्या माउंटिंगजवळ चेसिसला मारलेलं वेल्डिंग दाखवलं. तिथे दोनदा तडा गेला होता.

रात्री वही घेऊन बसलो. आमच्या ॲक्सलचं गुणोत्तर ५.३८, टायर ६.००-१६. वरच्या गिअरला ताशी ६० किमीला इंजिन मिनिटाला साधारण २४०० फेरे फिरतं. डीआयचा दम ३२०० च्या आसपास संपतो, म्हणजे ८० च्या पुढे जाणं नाही, आणि ६० लाच कानठळ्या. ते टाळायचं तर पाच गिअरचा बॉक्स नाहीतर ॲक्सलचे दाते बदलायचे. शिवाय इंजिन गिअरबॉक्सला जोडायला बेल हाउसिंगची प्लेट, मोठा रेडिएटर, मोठी बॅटरी, स्टार्टर, सायलेन्सर. पेट्रोल इंजिन नव्याने बांधण्यापेक्षा ९० हजार जास्त लागत होते. आमची जीप वर्षाला १८०० किमी चालते. पेट्रोलवर आठचं ॲव्हरेज धरलं तर २२५ लिटर, डिझेलवर बाराने १५० लिटर. १०४ आणि ९० च्या भावाने वर्षाला दहा हजारही वाचत नव्हते. नऊ वर्षं लागली असती पैसे फिटायला.

उरला प्रश्न कागदांचा, आणि माझ्या मते इथूनच सुरुवात करायला हवी होती. आरसी बुकात इंधन पेट्रोल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन मात्र आरटीओच्या मंजुरीने बदलता येतं. पुन्हा नोंदणीला उभं राहायचं असेल, विमा खरा हवा असेल, तर हे डोळ्याआड करू नका. उद्या घाटात काही झालं तर बरोबर बसलेल्या माणसांचं काय?

दुसरं हरिकेन मिळालं जुन्नरकडच्या एका गोठ्यात. मालकाने जीप डिझेल केली होती आणि जुनं इंजिन पोत्याखाली जपून ठेवलं होतं. विक्रीची पावती लिहून घेतली, नंबर स्वच्छ वाचता येतो ना ते पाहिलं, मगच पैसे दिले. लेथवर बोअर करून तीस थाऊ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, मोठे पिस्टन टाकले, क्रँक घासून घेतला. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप नवे घातले.

आरटीओत इंजिन नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा दिला, तपासणी झाली, बुकात नवा नंबर चढला. दोन खेपा लागल्या.

जुलैमध्ये घाटघरला गेलो. ओढ्याआधी थांबून फॅनबेल्ट काढला, म्हणजे पंखा पाणी उडवत नाही, आणि डिस्ट्रिब्युटरवर जुन्या ट्यूबचं रबर बांधलं. हळू, एका वेगाने पलीकडे गेलो. काका शेजारी बसले होते. पलीकडे गेल्यावर म्हणाले, "बेल्ट चढव लगेच, नाहीतर परत तापवशील."

टाकीच्या आतला गंज अजून काढायचा आहे. दिवाळीनंतर टाकी उतरवेन. तोवर दर रविवारी फिल्टरची काचेची वाटी उघडून पुसतो.