टाचणीला चटई टोचली

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ज्या मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते, तेथे पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत बसतात. चौथीला भागाकार समजावताना पहिलीसाठी फळ्यावर ओळ लिहायची असते, आणि अशा घाईतच त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. ‘चटईला टाचणी टोचली’ असे लिहायचे होते, प्रत्यक्षात मी ‘टाचणीला चटई टोचली’ असे लिहिले. तिसरीच्या मुली लगेच ओरडल्या. पहिलीतला माझा सर्वांत तल्लख मानलेला मुलगा मात्र उठला, त्याने एकेका शब्दाखाली बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात ‘चटईला टाचणी टोचली’ असे वाचून दाखवले.

माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘वाचतो’ अशी नोंद होती. पालकसभेत मी त्याला मुद्दाम पुढे उभे केले होते. इतके दिवस तो वाचत नव्हता, म्हणत होता, आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते.

भाजीपाव खाऊन झाल्यावर मी त्याला जवळ बसवले. टाळ्या वाजवून शब्द फोडायला सांगितले, तेव्हा ‘टाचणी’च्या तीन टाळ्या त्याने अचूक दिल्या. ‘चटई’तला ‘च’ काढला तर काय उरते, असे विचारल्यावर क्षणात ‘टई’ म्हणाला. कान तयार होता, आणि तो बडबडगीतांनी व जिभेला वळण देणाऱ्या अशा वाक्यांनीच तयार केला होता, याविषयी मला शंका नाही. पण ऐकलेला ‘च’ आणि फळ्यावरचा ‘च’ यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. ते माझे काम होते. गाणी म्हणवून घेतली की वाचन आपोआप येते, हे प्रशिक्षणवर्गांत इतक्या सहजपणे सांगितले जाते की आम्ही शिक्षक ते तपासून पाहत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मूल समजून वाचू लागावे अशी अपेक्षा आहे. त्यातला ‘समजून’ हा शब्द आम्ही तक्ते भरताना फार लवकर विसरतो.

मग मी यमकाकडे वळले आणि विचारले, “आंबा, याच्याशी जुळणारा शब्द सांग.” तो म्हणाला, “कोंबो.” चूक म्हणण्यासाठी माझे तोंड उघडलेही होते, आणि मग ध्यानात आले की त्याच्या घरच्या कोकणीत आंबा नसतोच, आंबो असतो, आणि कोंबडा हा कोंबो. आंबो, कोंबो. यमक बिनचूक होते. यापूर्वी अशी किती उत्तरे मी चूक ठरवली असतील, हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही.

मी मान डोलावताच तो खुलला आणि घरच्या अंगणातले सांगू लागला, “कोंबो धांवलो, कोंडो सांडलो!” मी ते जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. एरवी आम्ही घर, नळ, कमळ अशा बिनकान्याच्या शब्दांपासून सुरुवात करतो. ‘कों’सारखे काना, मात्रा आणि अनुस्वार एकदम असलेले अक्षर पहिलीच्या मुलापुढे इतक्या लवकर कोणी ठेवणार नाही. पण शब्द त्याचा होता, अर्थ त्याचा होता. ‘कोंबो’मधला ‘ब’ मी बोटाने पुसला, तेथे ‘ड’ लिहिला आणि थांबले. त्याने फळ्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हटले, “कोंडो.” त्यानंतर मी, या वेळी जाणूनबुजून, ‘कोंडो धांवलो, कोंबो सांडलो’ असे लिहिले. तो एकेका अक्षरावर अडखळत शेवटपर्यंत गेला आणि पोट धरून हसू लागला. कोंडा धावत होता, हे त्याला डोळ्यांनी कळले होते.

मराठी शाळेच्या फळ्यावर कोकणी कशाला, असे एका सहकाऱ्यांनी मला नंतर विचारले. लिपी एकच आहे आणि मूलही एकच आहे, एवढेच मी म्हणाले. तरी त्यांच्या प्रश्नात तथ्य नाही असे मला म्हणता येत नाही, कारण आता हा मुलगा वहीत ‘कोंबडा’ऐवजी ‘कोंबो’ लिहितो, आणि त्याला ‘कोंबड्या’पर्यंत केव्हा आणि कसे न्यावे, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

‘वाचतो’ ही नोंद मी त्याच दिवशी खोडली. काल त्याने ‘चिंच’ हा शब्द वाचला, दोन्ही ‘च’वर आळीपाळीने बोट ठेवले आणि विचारले, “टीचर, अक्षर एकच, मग आवाज दोन कसे?” आजवर माझ्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.