वाजवणं सोडलंस का रे?

मंगळवार, रात्री साडेदहा

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं. हातात दळणाचा डबा, त्यामुळे प्रस्तावना नाहीच. "वाजवणं सोडलंस का रे?" म्हटलं, "नाही काकू, रोज वाजवतो." पोट सुटलेला माणूस रोज पर्वती चढतो म्हणाला की त्याच्याकडे जसं बघतात, तसं त्यांनी बघितलं आणि गिरणीकडे निघून गेल्या.

यात लागण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरी लागलंय.

रोज वाजवतो हे खोटं नाही. पण पेटी, म्हणजे हार्मोनियम, गेल्यापासून (ती का गेली ते जाऊ दे) पेटी-तंबोरा सगळं आयपॅडमध्ये, आणि आयपॅडमधलं सगळं हेडफोनमध्ये. पोर्ट एकच. त्याला हब, हबला दोन सप्तकांचा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेल्या नुसत्या पट्ट्या), ऑडिओ इंटरफेस (हेडफोनला आवाज पुरवणारा डबा) आणि चार्जर. चार्जर विसरला तर इंटरफेसला वीज पुरत नाही आणि आलापाच्या मधोमध आवाज गायब होतो. ब्लूटूथ हेडफोन तंबोऱ्याला चालतात, तंबोऱ्याला कुठं मात्रा गाठायचीय. बोटांना मात्र चालत नाहीत. पट्टी दाबल्यावर दीड-दोनशे मिलिसेकंदांनी सूर आला, तर १२० च्या लयीत, जिथं अख्खी मात्राच ५०० मिलिसेकंदांची, तिथं तिसरा हिस्सा हवेत जातो. म्हणून वायर. एयूएममध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, बफर (एका वेळी तयार होणारे आवाजाचे नमुने) २५६ ठेवतो, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांना, ५.८ मिलिसेकंद. दोन मीटरवरून आवाज कानाशी यायला लागतो तेवढाच वेळ. १२८ केला तर बोटांना आणखी बरं वाटतं, पण वर रिव्हर्ब (घुमारा) चढवला की तडतड सुरू, कारण तेवढ्या वेळात प्रोसेसरचं गणित पुरं होत नाही.

एवढं सगळं करतो, आणि खालच्या मजल्याच्या लेखी मी सोडलंय.

भाता सुटलाय हे मात्र खरं. सॅम्पलमधल्या, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या, पेटीला आपण पियानो आहोत असं वाटत असतं, जोरात दाबलं की मोठ्यानं बोलते. खऱ्या पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाज ठरवतो तो वारा. म्हणून पहिलं काम, व्हेलॉसिटी (दाबण्याचा जोर) बंद करून सगळ्या पट्ट्या १०० वर बांधायच्या आणि आवाजाची पातळी एक्स्प्रेशनला, म्हणजे मिडीतल्या सीसी ११ या नियंत्रणाला, जोडायची. तो स्लायडर पडद्यावर डाव्या हाताखाली घ्यायचा. जमतं. पण पेटीचा भाता थांबवला की दम संपत येतो, सूर बसत जातो. काचेवरचा स्लायडर जिथं सोडावा तिथंच राहतो. डावा हात उचलून चहा प्यायला तरी षड्ज ठणठणीत. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. आज वाटेना.

शिवाय आवाज भिंतीपलीकडे जातच नाही. पूर्वी चार घरांना माझे चुकलेले गंधारसुद्धा पाठ होते.

गंधारावरून आठवलं, कारण जे पेटीत कधीच जमलं नसतं ते इथं जमतं. काळी एकचा (सी शार्प षड्ज धरलेला) तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंट्सवर (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट्स). पेटीचा, सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर वाटल्यामुळे, ४०० वर. मधल्या सप्तकात ३४६.५ विरुद्ध ३४९.२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन हेलकावे. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार लावलं ते १९७१ पर्यंत उघडलं नाही, पेटीविरुद्धच्या तक्रारींत ही कुरकुरही होतीच. इथं स्काला फाइल, म्हणजे स्वरांच्या अंतरांची यादी, भरायची की झालं: गंधार ३८६.३, पंचम ७०२, धैवत ८८४.४, निषाद १०८८.३. फक्त मूळ स्वर सी शार्प आहे हे आयपॅडला सांगायला विसरायचं नाही. मूळ स्वर सी वर राहिला, तर आपल्या षड्जाला आयपॅड कोमल ऋषभ समजतो, बारा सेंट्स चढवतो आणि मग तासभर आपण तंबोऱ्याला शिव्या घालतो.

तो गंधार लागला की हेलकावे थांबतात. एकदम. हे कुणीतरी ऐकायला हवं होतं.

तर आज इरेला पेटलो. हेडफोन काढले, इंटरफेस काढला, खिडकी सताड उघडली आणि आयपॅडच्याच स्पीकरवर तंबोरा सोडला. सोडलंय का विचारता काय! दोन-तीन मिनिटांनी पेटी सुरू केली आणि दाताखाली खडा आला. तंबोरा चढलेला, तोही थोडाथोडका नाही. काळी एकचा तंबोरा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत होता.

माझ्या इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती हजार नमुने) ४४.१, आयपॅडच्या स्पीकरचा ४८. इंटरफेस निघाला की सगळा कारभार ४८ वर जातो. पेटीचा प्लगइन एयूव्ही३ या नव्या पद्धतीचा, त्याला हा बदल कळतो. तंबोऱ्याचं अ‍ॅप इंटर-अ‍ॅप ऑडिओच्या (एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात नेण्याच्या जुन्या तंत्राच्या) जमान्यातलं, आणि ते तंत्र २०१९ मध्येच मोडीत निघालं. ते आपलं एका सेकंदाचे ४४,१०० नमुने मोजून हातात ठेवतं, आणि समोरचा सेकंदाला ४८,००० उचलतो. नऊ टक्के घाई, १४७ सेंट्स वर. यावर उपाय साधा आहे, मीच आळस केला होता. इंटरफेस जोडलेला, सूर बरोबर असताना तंबोरा दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवायचा आणि पुढं ती फाइलच एयूएममध्ये फिरवायची. फाइल स्वतःचा वेग सोबत घेऊन हिंडते, ४८ वर गेली तरी सूर जागचा हलत नाही. तुकडा मात्र चारही तारांचं आवर्तन पुरं झाल्यावर कापायचा आणि शेवट-सुरुवात एकमेकांत विरघळवायची. खर्जाची आस मध्येच तुटली तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार आपटल्यासारखं होतं.

हे निस्तरेपर्यंत पावणेदहा. मग फोन बघितला. काकूंचा मेसेज, नऊ सत्तावीसचा: "तंबोरा चढलाय. आणि खिडकी लाव, डास येतात."

सॅम्पल रेटचं लिहायला घेतलं, खोडलं. "उतरवला काकू" एवढंच पाठवलं.

डास आलेच आहेत.