चकाकत्या दस्त्याचे पैसे मी देत नाही

सरप्लस, म्हणजे सैन्याने वापरून काढून टाकलेली जुनी रायफल विकणारा माणूस सुरुवातीला रायफलबद्दल बोलतच नाही. तो स्टालिनग्राडबद्दल बोलतो, नॉर्मंडीबद्दल बोलतो. मी ऐकून घेतो, मलाही या गोष्टी आवडतात. पण तोवर रायफल रिकामी असल्याची खात्री करून मी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढून हातात घेतलेला असतो. (तुम्ही राहता तिथला कायदा अशी रायफल ठेवू देतो का आणि परवाना कुठला लागतो, हे आधी बघून घ्या. ते नसेल तर पुढचं सगळं गप्पांपुरतं.)

बोल्ट निघाला की समोर पांढरा कागद धरून मागून नळीत बघायचं. आतले चरे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) काळपट दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नये. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मागे राहणारा क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद गंजतं. तेलाने हा क्षार जात नाही, पाण्यानेच जातो. म्हणजे कुणा शिपायाने नळी धुवायचा कंटाळा केला, त्याचं फळ आज आपल्यासमोर असतं. चऱ्यांच्या कडा धारदार असतील तर अशी काळी नळीसुद्धा नेम छान धरते, आणि काळेपणावर बोट ठेवून भाव उतरवता येतो तो वेगळाच. मात्र नळीत मध्येच एक गोल सावली दिसली तर रायफल खाली ठेवायची. आत काहीतरी अडकलेलं असताना गोळी सुटली की त्या जागी नळी फुगते. घट्ट चिंधी गजाने हळूहळू ढकलत न्या. फुगीर जागी ती हाताला एकदम सैल लागते. असल्या रायफलीत भाव करायला मी थांबत नाही.

मग पुढचं टोक. नळीची झीज गोळ्यांइतकीच साफसफाईच्या गजानेही होते, आणि पुढून गज घालणाऱ्या सैन्यांत ती तोंडाशीच होते. बरेच जण डमी काडतुसाची गोळी मझलमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडात, उलटी घालून बघतात: केसच्या (गोळी बसवलेल्या धातूच्या नळकांड्याच्या) तोंडापर्यंत आत गेली तर नळी झिजलेली. ढोबळ चाचणी आहे, पण कामाची. मोसिन-नागां या रशियन रायफलींच्या बाबतीत ती हमखास फसवते. सोव्हिएत दुरुस्ती कारखान्यांनी त्यांतल्या ९१/३० मॉडेलच्या अनेक रायफलींचं झिजलेलं तोंड आतून मोठं करून चरे जरा मागे, ताज्या जागेवरून सुरू केलेत. तिथे गोळी आरामात आत जाणारच, त्यात नळीचा दोष नाही.

रायफलीवर मारलेल्या क्रमांकांबद्दल लोक फार हळवे असतात, आणि बाजारही त्यांच्या बाजूने आहे. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा), बोल्ट, लाकूड सगळ्यांवर एकच क्रमांक असला की भाव चढतो. पण तो आकडा कुणी आणि कधी मारला? रशियनांच्या हाती लागलेल्या जर्मन माउझर ९८के रायफली सुट्या करून, पुन्हा रंगवून, मिळेल तो बोल्ट घालून एकत्र केल्या गेल्या. नवे क्रमांक बऱ्याचदा विजेच्या पेनने कोरलेले असतात. ती चांगली रायफल आहे, स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या. फक्त कारखान्यातून निघालेल्या जुळणीचा भाव तिला देऊ नका. ब्रिटिश एन्फिल्ड नं. ४ मध्ये बोल्टच्या मुठीमागचा क्रमांक दस्त्याच्या सॉकेटवरच्या (दस्ता बसतो त्या लोखंडी खोबणीवरच्या) क्रमांकाशी ताडून बघायचा. जुळला नाही तर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि आत बसलेलं काडतूस यांतलं अंतर, गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही. नं. ४ चं एक बरं आहे, तिची बोल्ट-हेड, म्हणजे बोल्टची बदलता येणारी पुढची टोकं, ० ते ३ अशा क्रमांकांत येतात, तेव्हा दुरुस्ती बहुधा आवाक्यात असते. माउझरला ती सोय नाही. आणि एन्फिल्डवर ‘डीपी’ असा शिक्का दिसला तर ती कवायतीची रायफल, झाडण्यासाठी नव्हे.

‘महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री’ म्हणून एक रायफल माझ्यासमोर ठेवली गेली होती. मॅगझिन जरा जास्तच चौकोनी वाटलं. सॉकेटवर बघितलं तर इशापूरच्या भारतीय कारखान्यातली २ए१, ७.६२ मिमी काडतुसाची, १९६० च्या दशकातली. उत्तम यंत्र, बारा गोळ्यांचं मॅगझिन, पण तिने ना महायुद्ध पाहिलं ना कधी थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला, “अहो, दिसायला तर तशीच आहे ना!” आहे खरी.

लाकडाच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. घासून, व्हार्निश मारून चकचकीत केलेला दस्ता बघितला की मी मनातल्या मनात पैसे वजा करायला लागतो. पॉलिश पेपरखाली तपासनीसांचे शिक्के जातात, कडा गोल होतात, लोखंडी पट्ट्यांशेजारी लाकूड खोल बसतं. ओरखडे, डाग, तेलाने काळं पडलेलं लाकूड मला चालतं. तडे चालत नाहीत, विशेषतः रिसीव्हरला टेकतं तिथले, कारण धक्का तिथेच बसतो.

शिकारीसाठी पुढचं लाकूड कापून टाकलेल्या रायफली सगळ्यात स्वस्त असतात आणि नवखे लोक त्यांच्याकडेच वळतात. ‘लाकूड आणून मूळ रूप देऊ’ असा हिशेब असतो. लाकूड, पट्ट्या, हँडगार्ड, मागची साइट, सगळं जमवेपर्यंत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिकारीलाच वापरणार असाल तर बिनधास्त घ्या.

‘पूर्वी या पेट्यांनी मिळायच्या’ हे रडगाणं मी भाव करताना गात नाही. सोव्हिएत संघ फुटल्यावर गोदामं उघडली, मोसिन पाण्याच्या भावाने गेल्या, आता तो साठा आटलाय. तेव्हाच्या भावाशी तुलना करून विक्रेता चिडतो, बाकी काही होत नाही. मी सापडलेले दोष एकेक करून टेबलावर मांडतो, प्रत्येकाच्या दुरुस्तीचा खर्च सांगतो, माझा आकडा बोलतो आणि गप्प बसतो.

रास्त भावाच्या वर मी एकाच रायफलीसाठी जातो: गोदामातल्या ग्रीसमध्ये अजून माखलेली, कुणी हात न लावलेली, आकडे जुळणारी. ग्रीसखालची नळी नीट दिसत नाही, हा धोका असतोच, म्हणून तेवढ्यापुरती नळी पुसून दाखवा म्हणतो. बाकी ग्रीस विक्रेत्याने काढायचं नाही. ते घरी आणून मी स्वतः काढतो.