कूलरच्या मोटरीचा जनरेटर: रोटर तयार, वाइंडिंग बाकी

कूलरच्या जुन्या मोटरीपासून सायकलच्या पेडलवर चालणारा, 12 व्होल्टची बॅटरी भरणारा जनरेटर करतोय. गेल्या वेळी रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग, लेथवर द्यायचा राहिला होता. तो उतरवून झाला, चुंबकं बसली आणि मल्टिमीटरवर पहिलं व्होल्टेजही दिसलं.

नव्या मंडळींसाठी एवढंच सांगतो की कूलरच्या पंख्याच्या मोटरीत मुळात चुंबक नसतंच. पोलादी पत्र्यांची थप्पी आणि तिच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या सळ्या, असा तो रोटर. स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर, तारांचे वेढे असलेल्या भागाचं, फिरतं चुंबकीय क्षेत्र सळ्यांत प्रवाह निर्माण करतं, तेवढ्यापुरता रोटर चुंबक होतो. वीज गेली की तेही गेलं. लोखंडात उरलेल्या जराशा चुंबकत्वावर कॅपॅसिटर लावून अशा मोटरीतून वीज काढता येते, पण वेग पुरता लागतो. सायकलच्या पेडलवर ते जमण्यातलं नाही. म्हणून कायमचं चुंबक.

मोटर नागपूरच्या इतवारीत भंगारातून घेतलेली, 6 पोलची (चुंबकीय ध्रुवांची), स्टेटरमध्ये तारांसाठी 24 खाचांची. लेथवाले दादा म्हणाले, "चालती मोटर आहे भाऊ, कापून काऊन राहिले?" 60 मिमी व्यासाचा रोटर कातून 53 च्या किंचित खाली उतरवला. चुंबक 3 मिमी जाडीचं, म्हणजे दोन्ही बाजूंचं मिळून 6, मग 7 मिमी कशाला? तर चुंबक चपटं आणि रोटर गोल. 10 मिमी रुंद तुकड्याचे कोपरे मध्यापेक्षा जास्त बाहेर येतात. कोपऱ्यापाशी अर्धा मिमी मोकळीक ठेवली की मध्यावर गॅप, म्हणजे रोटर आणि स्टेटरमधलं अंतर, 0.9 मिमीच्या घरात जातो. मूळ मोटरीत तो 0.3 होता. आपल्यातले बरेच जण निओडिमियम चुंबक एन-42 ग्रेडचं घ्यावं की त्याहून जोरदार एन-52 यावर वाद घालतात. 3 मिमीच्या चुंबकाला अर्धा मिमी गॅप कमी करून जेवढा फायदा मिळतो, तेवढा ती ग्रेड बदलूनही मिळत नाही. पैसे लेथवर घाला.

चिकटवण्याचं काम मात्र संयम पाहणारं. एका पोलला तीन रांगांत सहा तुकडे, सगळ्यांचा तोच ध्रुव वर, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला ढकलणार. एपॉक्सी ओलं असताना बोट काढलं की तुकडा टुणकन पलटून दुसऱ्यावर जाऊन बसतो. लाकडी पट्ट्या आणि सुतळीने आवळून एकेक पोल रात्रभर सुकू दिला. लोखंडी क्लॅम्प जवळही आणू नका.

तीन रांगा सरळ एकाखाली एक लावल्या असत्या तर प्रत्येक खाचेपाशी रोटर अडला असता. 24 खाचा म्हणजे दर 15 अंशांना एक खटका. म्हणून प्रत्येक रांग 5 अंश, साधारण अडीच मिमी, पुढे सरकवली. गणिताने यात व्होल्टेज दोन-अडीच टक्केच उतरतं आणि हाताने फिरवताना खटके जवळपास जाणवत नाहीत. स्वस्तातला सौदा.

आता आपल्या उन्हाचं. साध्या निओडिमियमची मर्यादा 80 अंश. त्यापुढे ते कायमचं अशक्त होतं. मे महिन्यात नागपूरची हवाच 45 अंशांवर, म्हणजे तांब्याला तापायला 35 अंशच उरले. म्हणून 120 अंशांची एच ग्रेड घेतली. फेराइट चुंबकाला उष्णतेची फिकीर कमी आणि किंमतही कमी, पण जोर निओडिमियमच्या तिसऱ्या हिश्श्याचा. एवढ्याशा रोटरला तो पुरत नाही.

ड्रिलने फिरवून पाहिलं. मल्टिमीटरवर 30 हर्ट्झ, आणि 6 पोलला हर्ट्झ गुणिले 20 म्हणजे आरपीएम, तेव्हा वेग 600. वेगळा टॅकोमीटर नको. व्होल्टेज सव्वाशेच्या पुढे! उघड्या टोकांना हात लावू नका. झिरोचा बल्ब पेटला, ड्रिल हळू केलं की मंदावला. इथे व्होल्टेज वेगाच्या मागे जाणारच. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या जनरेटरमध्ये रोटरवर डीसी कॉइल असते, तिचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज सांभाळता येतं. आपल्या चुंबकाला तशी कळ नाही.

12 व्होल्टच्या बॅटरीला हे वाइंडिंग निरुपयोगी आहे, तार बारीक आणि वेढे भरमसाट. जुने वेढे मोजून ठेवलेत. त्यांच्या आठव्या हिश्श्याचे घालायचे, आणि एक जाड तार खाचेत वळत नाही म्हणून तीन-चार तारा एकत्र. कोणी अशा छोट्या स्टेटरला हाताने रिवाइंडिंग केलं असेल तर खाचेतला इन्सुलेशन कागद कुठला वापरला ते सांगा.