मर्यादवेलीच्या वर

३ जानेवारी, बारगारा. रात्रीचे दहा

पोचलो एकदाचे. ब्रिस्बेनपासून बंडाबर्ग जवळपास पावणेचारशे किलोमीटर, तिथून बारगारा आणखी तेरा. नकाशा पाच तास सांगतो. आई, दोन पोरं आणि वाटेत दोनदा गाडी थांबवून खाल्लेले पराठे धरून सात लागले. शेवटच्या तासात रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला आणि मागे पेंगणारी आई उठून बसली.

"अगं, माती बघ."

मला वाटलं होतं, ती उसाबद्दल बोलेल. पण मधे एका नांगरलेल्या तुकड्यात लालभडक माती उघडी पडली होती, अगदी मंडणगडच्या रस्त्याला दिसते तशी. इथे हमॉक नावाची एक बुटकी टेकडी आहे, शंभर मीटरसुद्धा उंच नाही. तो विझलेला ज्वालामुखी. त्याचा लाव्हा झिजून ही माती झाली आणि किनाऱ्यावरचे काळे दगडही त्याचेच. आपला जांभाही काळ्या कातळाचाच झालेला, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. आईने चालत्या गाडीतून ओळखलं.

दरवर्षी आम्ही गोल्ड कोस्टला जायचो. उंच इमारती, गर्दी, राइड्सच्या रांगा. पोरं खूश, पण मी परतताना जास्त दमलेली. या वेळी आई चार महिन्यांसाठी आली आहे आणि तिला घेऊन तिथे जायची इच्छा झाली नाही. बारगाऱ्यात समुद्राला लागून एक रस्ता, थोडी दुकानं, गवतावर बाकडी, फिरायला आलेली आपल्यासारखीच कुटुंबं. नऊ वाजता सगळं गाव चिडीचूप. युनिटच्या फ्रिजवर सूचना चिकटवली आहे: कासवांचा हंगाम चालू आहे, अंधार पडल्यावर समुद्राकडचे पडदे ओढा, बाहेरचे दिवे बंद ठेवा. वाळूतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं म्हणून ती पाण्याकडे जातात, पण घरांचे दिवे दिसले तर उलटी फिरून रस्त्यावर येतात.

आईने स्वतः उठून पडदे ओढले. मी हे अंधारात, मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात लिहिते आहे.

४ जानेवारी

पहाटे साडेचारला जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं. गॅलरीत उभी होती. क्वीन्सलंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे पाचच्या सुमाराला सूर्य वर. आणि तो समुद्रातून. आईच्या माहेरी, बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला, सूर्य उगवतो डोंगराआडून आणि समुद्रात बुडतो. एकाहत्तर वर्षांत तिने त्याला पाण्यातून वर येताना पाहिलं नव्हतं. हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मला सारखं वाटतंय की आता दिवा लावायला पाहिजे."

चहा झाल्यावर तिला खाली घेऊन गेले. मी नातवंडांना समुद्र दाखवायला आणलं होतं, पण दाखवत होती आई. सुरूची झाडं. (कोकणच्या किनाऱ्यांवर सुरूची बनं लावलेली आहेत, इथे तो मूळचाच आहे, हे ऐकून तिला फार गंमत वाटली.) केवड्याच्या जातीचं झाड, तसेच काटेरी पात्यांचे झुपके, तशीच हवेत लोंबणारी मुळं. काळ्या दगडांना चिकटलेली कालवं. "ही कोण काढतं इथे?" तिने विचारलं आणि हाताने कोयतीचा हावभाव केला. आणि वाळूच्या उंचवट्यावर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल, आपट्यासारखी दोन पाळ्यांची पानं.

"ही मर्यादवेल," तिने पोरांना सांगितलं. "समुद्र इथपर्यंत येतो, हिच्या पुढे येत नाही. वेलीच्या खालचं त्याचं, वरचं आपलं."

थोरलीने विचारलं, वेलीला कसं कळतं? आई म्हणाली, वेलीला कळत नाही. जिथे पुन्हा पुन्हा पाणी येतं तिथे ती जगत नाही, म्हणून जिथे जगते तिथपर्यंत पाणी येत नाही असं समजायचं. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या लहानपणी चिपळूणच्या घरात तिने मला हे कधीच सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच कुठे होता तिला.

दुपारी बेसिनवर गेलो. काळे दगड रचून समुद्राचा एक तुकडा आत घेतला आहे. लाट बाहेर फुटते, आत नुसतं पाणी वरखाली होतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा सगळे तिथे. तो बांध उसाच्या मळ्यांवरच्या दक्षिण सागरी बेटांतल्या मजुरांनी घातलेला. १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२ हजार माणसं व्हानुआतू, सॉलोमन अशा बेटांवरून क्वीन्सलंडमध्ये आणली गेली, कित्येक फसवून, काही सरळ पळवून. मग १९०१ च्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांना परत धाडायचं ठरवलं. जवळच मोन रेपोला शेताच्या कडेने त्यांनीच रचलेली एक लांब भिंत आहे, १८८४ च्या सुमाराची, चुना-सिमेंट नाही, दगडावर दगड. ती बघून आई लगेच म्हणाली, "हा गडगा आहे." तिने हात लावून दगडांची बसण बघितली. मी तिला सांगितलं की त्याच शतकात आपल्या रत्नागिरीतूनही माणसं मॉरिशसला उसातच गेली होती. तिचा हात बराच वेळ दगडावर होता.

बेसिनवर मी तिच्यासाठी खुर्ची मांडली. तिने चप्पल काढली, खुर्चीवर ठेवली आणि सलवार-कमीजसकट सरळ पाण्यात गेली. गुडघे, कंबर, मग खाली बसली ती गळ्यापर्यंत.

माझी आई समुद्राकाठी जन्मली, वाढली आणि कधी समुद्रात आंघोळीला गेली नव्हती. तिच्या वडिलांची छोटी होडी होती. पाण्यात शिरायचं ते होडी ओढायला हात लावण्यापुरतं. पावसाळ्यात होडी शाकारलेली, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात जायचं नाही, आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. मजेसाठी पाण्यात बसायचं, ही कल्पनाच त्या पुळणीवर नव्हती. आज ती तासभर बसली. बोटं सुरकुतली तरी उठेना. धाकटा तिच्याभोवती पोहून फेऱ्या मारत होता आणि ती दर फेरीला त्याच्या डोक्याला हात लावत होती.

५ जानेवारी

केलीज बीचवर धाकट्याच्या पायाला ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा एक निळा जीव, डसला. निळा दोरा नडगीला गुंडाळलेला. जीवरक्षकांनी तो काढला, समुद्राच्याच पाण्याने पाय धुतला आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवायला लावला. उतरलं. संध्याकाळी पाऊस. रताळ्याच्या भजी. इथली रताळी फार गोड आहेत. आईच्या मते लाल मातीमुळे.

६ जानेवारी. खरं तर ७ ची पहाट, झोप येत नाही

आज मोन रेपोला गेलो. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या पूर्व किनाऱ्यावर कासवं सर्वांत जास्त येतात ती या पुळणीवर, मुख्यतः लॉगरहेड. नोव्हेंबर ते मार्च रात्री लोकांना नेतात, पण आगाऊ नाव नोंदवून आणि गटागटाने. आमचा गट तिसरा. कासव येईपर्यंत केंद्रातच बसायचं. भिंतीवर सगळं मांडलेलं होतं. डॉ. कॉलिन लिंपस यांनी १९६८ पासून इथल्या माद्यांना खुणेचे बिल्ले लावून नोंदी ठेवल्या. त्यातून कळलं की इथून निघालेलं पिल्लू प्रवाहाबरोबर पॅसिफिक ओलांडून पार पेरू-चिलीच्या बाजूला जातं, बऱ्याच वर्षांनी परत येतं, आणि तिशीच्या आसपास कधीतरी मादी याच भागात अंडी घालायला वर येते. थोरली एकेक वाचून आजीला मराठीत सांगत होती. आई नुसतं "हं" म्हणत होती. तिचं हे "हं" मला ठाऊक आहे. मनात दुसरंच काही चालू असतं तेव्हाचं.

साडेदहाला बोलावणं आलं. टॉर्च नाही, मोबाइल नाही, एका ओळीत. वाळूवर माग दिसला, ट्रॅक्टर गेल्यासारखा. आई थांबली आणि तो माग डोळ्यांनी वरपर्यंत नेला. मग हळूच, फक्त मला:

"आम्ही असाच बघायचो."

तिथे, त्या अंधारात तिने सांगितलं. आठ-नऊ वर्षांची असेल. पहाटे वाडीतल्या बायका-पोरं पुळणीवर जायची. माग कुठे संपतो ते बघायचं, काठी खुपसत जायचं, वाळू मऊ लागली की उकरायचं. अंडी परकराच्या ओच्यात घालून घरी. काही विकायची, काही उकडायची. "पांढरं कितीही शिजवलं तरी घट्ट होत नाही, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. "एक अंडंसुद्धा ठेवायचो नाही गं आम्ही."

मी तिचा हात धरला. भूक होती घरात, हे मला माहीत आहे, आणि तिला माझ्याहून जास्त. मी काही बोलले नाही.

मादी मोठी होती, पाठ जवळपास मीटरभर. मागच्या वल्ह्यांनी खड्डा करत होती. एक वल्हं वाकवून ओंजळीसारखी वाळू उचलायची, बाजूला टाकायची, मग दुसरं. दिसत नसताना इतकं नेमकं. अंडी घालायला लागल्यावर तिला भोवतालचं भान राहत नाही, तेव्हाच रेंजरने मंद दिवा लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जादा मीठ बाहेर टाकणं असतं, पण माझ्या मागे दोन-तीन जण हुंदके आवरत होते आणि मीही.

ती समुद्रात परत गेल्यावर रेंजर बाई म्हणाल्या, जागा फार खाली आहे, उधाणाला पाणी लागेल, अंडी हलवावी लागतील. पहिल्या दोन तासांत हलवली तर चालतं. नंतर गर्भ कवचाला चिकटू लागतो आणि अंडं जरा फिरलं तरी मरतो. मदत कोण करेल?

पोरांच्या आधी आईचा हात वर गेला.

एकशे अठरा अंडी होती. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, कवच चामड्यासारखं मऊ. दोन्ही हातांच्या ओंजळीत चार-चार घेऊन उंचवट्यावरच्या नव्या खड्ड्यापर्यंत जायचं. आई वाळूत चालताना एरवी माझा खांदा धरते. आज धरला नाही, दोन्ही हात गुंतले होते. मी मागे मागे. तिने तीन खेपा केल्या. शेवटच्या खेपेला खड्ड्यापाशी थांबून तिने पायाने वाळू चाचपली, वाकून पाहिलं आणि थोरलीला म्हणाली, "बाईंना विचार, हे वेलीच्या वर आहे ना?"

थोरलीने विचारलं. रेंजर बाईंनी दिवा थोडा फिरवला. मर्यादवेलीची पानं आमच्या आणि समुद्राच्या मधे होती.

"बारा," परत येताना आई म्हणाली. "मी बारा ठेवली."

७ जानेवारी

सकाळी आईने मामाला फोन लावला, तिकडे अजून उजाडायचं होतं. रात्रीचं सगळं सांगितलं. मामा म्हणाला, वेळासला आता काय कमी आहे, मार्चमध्ये पिल्लं सोडतात तेव्हा मुंबई-पुण्याची माणसं येतात, घराघरांत जेवणं असतात. खरं आहे ते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरेंनी गावाला बरोबर घेऊन वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी गोळा करून कुंपणातल्या वाळूत पुरतात, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. ज्या वाड्यांतून ओच्यात अंडी जायची तिथलीच माणसं आता पहाटे माग शोधत फिरतात. इतकं जवळ असून आई तिथे कधी गेली नाही. का, ते काल रात्री मला कळलं.

"या मार्चला जाईन," ती फोनवर म्हणाली. "मला न्यायला ये."

फेब्रुवारीच्या शेवटी तिचं परतीचं विमान आहे. तिने भारतातून आणलेलं कालनिर्णय काढलं. त्यात आमच्या घरच्या दुधाचाही हिशेब ती लिहिते. आठ आठवडे बोटांवर मोजले, पान उलटलं, मंगळसूत्र मागे सारून वाकली आणि ३ मार्चच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं: पिल्ले, १२.

मग पेन खाली ठेवून म्हणाली, "चल, भरती लागायच्या आत बेसिनवर जाऊ."